सांगलीत क्ले बारच्या नावाखाली १४,५०० ला गंडलो, गाडी द्यायच्या आधी एकदा वाचा

लिहू का नको असं बरेच दिवस चाललेलं, स्वतःचा गाढवपणा चारचौघांत सांगायला कुणाला आवडतंय, पण परवा ऑफिसातला एकजण त्याच दुकानात क्ले बार (गाडीच्या पेंटवर चिकटलेलं उपटून काढणारा मऊ गोळा) मारायला गाडी टाकायला निघालेला, त्याला कसाबसा अडवला आणि म्हणलं आता लिहूनच टाकू. दुकानाचं नाव विचारू नका. माझ्याकडं पावती नाही, आणि का नाही ते पुढं कळेलच.

गाडी निळी बलेनो, २०१९ ची. महापुराच्या आधी दोन महिने घेतलेली, पाणी वाढायला लागल्यावर रात्रीच उंचावर नेऊन लावली म्हणून वाचली, त्यामुळं जीव जरा जास्तच. कामाला मिरजेला जातो, गाडी दिवसभर रेल्वेलाईनच्या कडेला उघड्यावर उभी असते. त्यात ऊसाचा सीझन चालू असला की सकाळी बॉनेटवर कारखान्याची काळी राख पडलेली, पुसली तर रेघा, नाही पुसली तर दवानं चिकटून बसते. धुतलेल्या गाडीवरनं हात फिरवला तरी खरखर लागायची, पॉलिश पेपरवरनं फिरवल्यासारखी.

फेब्रुवारीत एका डिटेलिंगवाल्याकडं, म्हणजे गाडीची बारकाईनं सफाई-पॉलिश करणाऱ्याकडं, नुसती धुवायला म्हणून गेलो. चकाचक दुकान, काचेचं ऑफिस, बिनसाखरेचा चहा विचारला सुद्धा. मालक तिशीतला पोरगा, बोलायला गोड. त्यानं बोटांवर एक पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली, बॉनेटवरनं फिरवली आणि म्हणाला, "सर, आता तुम्ही बघा." मी बघितलं तर अक्षरशः वाळूवरनं हात जातोय. ही ट्रिक मात्र खरी आहे हां, पिशवीमुळं बोट सरकन जातं आणि चिकटलेला बारीक कण न् कण जाणवतो.

मग डबीतनं क्ले काढली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पोरांच्या खेळातल्या चिकणमातीसारखा मऊ गोळा असतो, चपटा करायचा, पेंटवर लुब्रिकंट (गोळा सरकावा म्हणून मारायचा स्प्रे) फवारायचं आणि त्या ओल्यावर हलक्या हातानं मागंपुढं फिरवायचा. पाण्यानं न जाणारं जे काय चिकटलेलं असतं, लोखंडाची धूळ, डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, उडालेला स्प्रे पेंट, ते सगळं गोळ्यात अडकून येतं. त्यानं वहीच्या पानाएवढ्या जागेवर फिरवली, गोळा पलटून दाखवला तर तपकिरी झालेला. परत पिशवी घालून हात फिरवायला लावला, काचेसारखं गुळगुळीत!

इथं मी निम्मा खलास झालोच होतो, उरलेला त्याच्या पुढच्या वाक्यानं झालो. "सर, हा गंज आहे. पत्र्यातनं वर येतोय. वर्षभरात पेंट फुगणार बघा."

आता मला माहिताय की हे धादांत खोटं होतं. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर, एवढं सगळं ओलांडून गंज असा क्लेला पुसून येत नाही. ते तपकिरी म्हणजे बाहेरनं येऊन बसलेली लोखंडाची धूळ, रेल्वेच्या ब्रेकची आणि रुळांची, गाडी लाईनकडंला उभी म्हटल्यावर दुसरं काय येणार. पण तेव्हा माझ्या डोळ्यासमोर फुगलेला पेंट.

पॅकेज ठरलं "सात स्टेप क्ले ट्रीटमेंट प्लस सिरॅमिक कोटिंग, पाच वर्षं वॉरंटी", १४,५०० रुपये. सिरॅमिक म्हणजे पेंटवर मारायचा टिकाऊ संरक्षक थर. ३,००० ॲडव्हान्स यूपीआयवर दिले. बाकीच्याला म्हणाला, "सर, बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के जीएसटी वर लागेल, कॅश दिली तर आहे त्यात बसवतो." मी मोठा शहाणा, अडीच हजार वाचवले म्हणून मनातल्या मनात खूश.

कामाच्या दिवशी थोडा वेळ थांबलेलो. ड्रायव्हरसाईडच्या दारावर एक पोरगं क्ले फिरवत होतं, अठरा-एकोणीसचं असेल. त्याच्या हातनं गोळा सटकून खाली फरशीवर पडला, जिथं सगळ्या गाड्यांच्या चाकांचा चिखल वाळून बारीक खडी झालेली. त्यानं उचलला, पँटला पुसला आणि परत दाराला लावला. मी बघतोय. बघत असूनसुद्धा मला काय वाटलं नाही, उलट पोरगं कष्टाळू आहे असंच वाटलं. खाली पडलेली क्ले सरळ फेकून द्यायची असते, कारण खडा आत रुतला की तो गोळा राहत नाही, सॅण्डपेपर होतो. मालकाला फोन आला, मला म्हणाला सर तुम्ही घरी जावा, गाडी झाली की कळवतो. दोन तासात कळवलं. एका माणसाला नुसती क्ले पूर्ण गाडीवर नीट फिरवायला तास-दीड तास सहज जातो, त्यानंतर पॉलिश, मग पुसून तेल काढणं, मग कोटिंग आणि ते वाळायला वेळ, आणि ह्यांची सात स्टेप दोन तासात! तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. वर विचारलं पाणी कधी लावू, तर म्हणे उद्या धुवा, काय प्रॉब्लेम नाही. नवीन सिरॅमिकला निदान पहिले काही दिवस पाण्या-शाम्पूपासून जपा असंच कुणीही सांगेल.

गाडी मात्र दिसत होती, खोटं कशाला बोलू. लाईटखाली आरशासारखी. वॉरंटी कार्ड दिलं, सोनेरी अक्षरात, त्यावर कोटिंगच्या कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, गाडीचा नंबर पेननं लिहिलेला आणि दुकानाचा शिक्का. आमची ही म्हणाली, तेवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असतं. मी म्हणलं तुला त्यातलं कळत नाही.

तीन धुण्यांत सगळं उतरलं. आधी पाण्याचे मोती पळायचे ते बंद झाले, मग जुने गोल गोल ओरखडे उन्हात परत दिसायला लागले, आणि ड्रायव्हरच्या दारावर नवीन, सरळ, आडवे, एका लायनीत, हात जसा मागंपुढं फिरलेला तसेच. वळवाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी गाडी पुसताना छतावर हात गेला आणि थबकलोच. खरखर. घरातनं भडंगाची रिकामी पातळ पिशवी आणली, बोटांवर चढवली आणि गाडीभर फिरवत सुटलो. बॉनेट गुळगुळीत. ड्रायव्हरचं दार गुळगुळीत, ओरखड्यासकट. बाकी छत, डिकी, पलीकडची दोन्ही दारं, दाराच्या खालचा भाग जिथं डांबर सगळ्यात जास्त बसतं, सगळं फेब्रुवारीत होतं तसंच. म्हणजे क्ले तेवढीच मारली जिथं मी उभा होतो आणि जिथं मी हात लावणार होतो!

माधवनगर रोडला आमच्या ओळखीचे एक डेंटिंग-पेंटिंगवाले मामा आहेत, चाळीस वर्षं हेच काम. त्यांना दाखवली. त्यांनी दारावर मोबाईलचा टॉर्च तिरका धरला, बघितलं आणि म्हणाले, "बाळा, तुला क्लेनं नाही फसवलं, तेलानं फसवलं." सिरॅमिक वगैरे काय नव्हतंच, तेलकट पॉलिश फासलेलं, ते ओरखड्यात भरून बसतं आणि चार दिवस पेंट नवा दिसतो, शाम्पूचं पाणी बसेल तसं निघून जातं. क्ले ओरखडे काढत नाही, ती फक्त वर चिकटलेलं उपटते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. उलट जुना वॅक्ससुद्धा क्लेबरोबर निघून जातो, म्हणून क्ले झाल्यावर वरनं काहीतरी संरक्षण द्यावंच लागतं, आणि गडद रंगाच्या गाडीवर क्लेचेच बारीक ओरखडे राहतात म्हणून मधे हलकं पॉलिश. बोअरच्या पाण्याचे पेंटमधे रुतलेले पांढरे गोल असतील तर तेही क्लेनं जात नाहीत, कुणी जातात म्हणाला तर समजून घ्या.

पिशवी खिशात घालून दुकानात गेलो. आधी म्हणाला बोअरचं पाणी असेल सर. मग म्हणाला पार्किंग चुकतंय. मग म्हणाला २,००० मधे मेंटेनन्स कोट मारून देतो, म्हणजे फसवल्यावर वर आणि बोनस. मी काय बोललो नाही, त्याच्याच हातावर भडंगाची पिशवी चढवली आणि छतावर हात ठेवायला लावला. दोन गिऱ्हाईकं बघत उभी होती. आवाज लगेच खाली आला, आत चला सर. आत १९१५ चा विषय काढला, ती ग्राहक हेल्पलाईन, आणि म्हणलं जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखापर्यंतच्या कामाला फीसुद्धा लागत नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "बिल आहे का सर?"

३,००० परत दिले. जेवढे यूपीआयवर दिसत होते तेवढेच. बाकीचे ११,५०० त्यानं घेतलेच नाहीत म्हणाला, माझ्या तोंडावर, डोळ्यात डोळे घालून. वॉरंटी कार्ड दाखवलं तर त्यावर रक्कमच नाही. आयोगात जाता आलं असतं कदाचित, पण अर्धा गुन्हा आपलाच वाटत होता, टॅक्स वाचवायला मीच निघालेलो ना.

शेवटी एका रविवारी मामा घरी आले. क्ले मी ऑनलाईन मागवलेली, चारशे रुपयांच्या आत. महागाचा स्प्रे नको म्हणाले, बादलीत पाणी आणि कार शाम्पूचे चार थेंब, फक्त पेंट कायम ओला पाहिजे, कोरड्यावर कधी घासायचं नाही. गाडी सावलीत, पत्रा गार. गोळ्याचा बिस्किटाएवढा तुकडा तोडून दिला, बाकीचा डब्यात, म्हणजे पडला तर तेवढाच जाईल. छत मी स्वतः केलं. पहिल्या हाताला घर्रर्र असा आवाज येतो, सात-आठ फेऱ्यांनी आवाज बंद होतो आणि तुकडा आपोआप सरकायला लागतो, की समजायचं ती जागा झाली. दोन हातभर जागेत तुकडा काळाकुट्ट, मग घडी घालून मळायचा आणि स्वच्छ बाजू वर घ्यायची. एकदा माझ्या हातनं पडला. मामांनी काय न बोलता पायानं गटारीत सरकवला आणि डब्यातनं नवीन तुकडा दिला.

ड्रायव्हरचं दार तसंच आहे. कंपाउंड (घासून काढणारं पॉलिश) मारून ओरखडे जातील म्हणाले, पण वरचा क्लिअर कोट केसाच्या जाडीएवढाही नसतो, घासला की गेला, परत येत नाही, म्हणून जे नखाला लागत नाहीत तेवढेच हलक्या हातानं घेऊ, तेही दिवाळीच्या सुमारास. रात्री रस्त्याच्या दिव्याखाली गाडी लावली की ते सगळे दिसतात, आडवे, एका लायनीत.