सॉफ्टनर की आरओ? जड पाण्यासाठी निवड करताना

नळाच्या तोटीवर पांढरी पुटं, शॉवरची अर्धी भोकं बुजलेली, साबण कितीही चोळला तरी फेस नाही. पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत, हे सांगायला एवढं पुरतं. घोळ होतो तो पुढे: विक्रेता पाण्यात टीडीएस मीटर बुडवतो, आकडा दाखवतो आणि आरओ (पाणी दाबाने बारीक पडद्यातून, म्हणजे मेंब्रेनमधून, गाळणारं यंत्र) गळ्यात मारतो. टीडीएस मीटर जडपणा मोजतच नाही. तो पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. टीडीएस ४०० असलेल्या एका पाण्याचा जडपणा ३०० असू शकतो, तर दुसऱ्याचा जेमतेम ८०, कारण त्यात बाकीचं बहुतेक साधं मीठच असतं.

त्यामुळे आधी थेंबांचं टेस्ट किट आणा. नमुन्यात इंडिकेटर घातला की पाणी लालसर होतं. मग स्वच्छ निळा रंग येईपर्यंत थेंब मोजायचे. जांभळ्यावरच थांबलात तर आकडा कमी येतो, ही नेहमीची चूक. उपनगरात टाकीत धरणाचं आणि बोअरचं पाणी मिसळत असेल, तर एकदा भर उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर मोजा. हिशोब दर लिटरला मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटचा: ६० पर्यंत मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड, त्यापुढे फारच जड.

सॉफ्टनर

सॉफ्टनरमधले रेझिनचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. म्हणून टीडीएस खाली येत नाही, उलट किंचित वाढतो. मशीन बिघडलं म्हणून तक्रार करणारे बरेचदा इथेच फसतात.

मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करावे लागतात, त्याला रीजनरेशन म्हणतात. माप असं काढा. रोज ५०० लिटर वापर, जडपणा ३००: म्हणजे दिवसाला १५० ग्रॅम. मिठाचा वापर बेताचा ठेवला तर एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम धरतं. २५ लिटरचं युनिट आठेक दिवस चालेल आणि दर रीजनरेशनला सुमारे ३ किलो मीठ खाईल. यापेक्षा लहान युनिट स्वस्तात मिळतं, पण दर दोन-तीन दिवसांनी रीजनरेशन लागलं की आठवण राहत नाही आणि घरात पुन्हा जडच पाणी येतं.

बिघाड ठरलेले. बारीक मीठ घातलं की ब्राइन टँकमध्ये (मिठाच्या टाकीत) त्याचा कडक पूल तयार होतो: वरून टाकी भरलेली, खाली पोकळी. काठीने हलकेच टोचून फोडा, नंतर जाड खडे किंवा गोळ्याच वापरा. मीठ संपतच नसेल तर मिठाचं पाणी ओढणारा इंजेक्टर तुंबलाय का पाहा. पाण्यात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह असेल तर रेझिनवर गंजाचा थर बसतो. तिथे आधी लोहाचा फिल्टर हवा.

आणि सोडियम. ३०० चा जडपणा पूर्ण काढला की लिटरमागे सुमारे १४० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. मीठ कमी खायला सांगितलेल्यांसाठी, तान्ह्या बाळाचं दूध कालवायला आणि झाडांना हे पाणी नको. आरओ नसेल तर स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवरून घ्या.

आरओ

आरओ जडपणा काढतो, नव्वद टक्क्यांहून जास्त, पण तासाला दहा-पंधरा लिटर. त्यात आंघोळ होत नाही आणि गिझरही वाचत नाही. शिवाय एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर जातं. हे पाणी आणखी जड असतं. फरशीला चालेल, पण काचेवर आणि गाडीवर डाग पाडतं.

जडपणा स्वतः आरोग्याला घातक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी आरोग्याधारित मर्यादा घातलेली नाही. त्यामुळे आरओ घ्यायचा तो चव खारट असेल, किंवा प्रयोगशाळेच्या अहवालात नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक असं काही निघालं असेल तर. अतिजड पाण्यात मेंब्रेनवरही थर बसतो, आरओच्या आधी सॉफ्टनर असेल तर ती जास्त टिकते. टीडीएस मीटरचा खरा उपयोग इथे: आत ४०० आणि बाहेर ४० असेल तर मेंब्रेन ठीक, बाहेरचा आकडा ८० च्या वर गेला की बदलायची वेळ आली.

बाकीचे पर्याय

फॉस्फेटचं कार्ट्रिज जडपणा काढत नाही, फक्त थर बसणं लांबवतं. पाणी जास्त तापलं की तो परिणामही ओसरतो. वॉशिंग मशीनच्या थंड इनलेटला ठीक. पाइपला बांधायच्या चुंबकांवर पैसे घालू नका, भरवशाचा पुरावा नाही.

सायट्रिक ॲसिड मात्र स्वस्त आणि मस्त. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, शॉवरची जाळी तासभर बुडवून ठेवा. उकळतं पाणी घेऊ नका, नाहीतर कॅल्शियम सायट्रेटचा नवाच पांढरा थर बसतो. संगमरवरावर सांडू देऊ नका आणि ब्लीचजवळ अजिबात नेऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

जडपणा १५० च्या आत असेल तर सायट्रिकवर भागवा. २०० च्या वर असून गिझरची कॉइल वारंवार जात असेल तर सॉफ्टनर. अडचण फक्त पिण्याच्या पाण्याची असेल तर एका नळापुरता आरओ. सॉफ्टनर बसवताना बायपास व्हॉल्व्ह (सॉफ्टनर वगळून पाणी थेट घरात सोडणारा) मागून घ्या आणि तो पूर्ण बंद होतो का हे किटने तपासा. अर्धवट उघडा राहिला तर रेझिन नवं असूनही नळाला जड पाणीच येतं.