पेस्ट बदलायची की कूलरच?

पीसीचा पंखा घोंघावतोय आणि प्रोसेसर तापतोय, म्हणजे लगेच नवा कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा हीटसिंक आणि पंखा) आणायची गरज नसते. आधी पीसी उघडून बघा. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवरच्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो, हवा जायला वाटच उरत नाही. ब्रशने धूळ काढा, पण ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट असते; जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाटाण्याएवढी नवी लावा. इंटेलसोबत येणाऱ्या कूलरच्या चारही पिना नीट बसल्यात का, हेही तपासा. एक जरी सुटलेली असली तरी तापमान चढतं.

एवढं करूनही व्हिडिओ रेंडरिंगसारखं जड काम करताना प्रोसेसर शंभर अंशांकडे जात असेल, तर टॉवर कूलरच, म्हणजे उंच हीटसिंकचा कूलर, घ्या. त्याचा 120 मिमीचा पंखा मोठा, त्यामुळे तेवढीच हवा कमी फेऱ्यांत ढकलतो आणि आवाज खूपच कमी होतो. फक्त कॅबिनेटची रुंदी मोजा, कारण कूलरची उंची बाजूच्या झाकणाच्या दिशेने येते: हायपर 212 इव्हो या टॉवर कूलरची उंची 159 मिमी आहे, लहान कॅबिनेटचं झाकण लागणार नाही.

ऑफिसकाम आणि ब्राउझिंगला माझं मत पेस्टलाच.