स्नानसंस्काराला काय गावं: लॅटिन की मराठी?

बाळाच्या स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, तारीख ठरली की घरात गाण्यावरून दोन तट पडतात. वसईच्या आमच्या कॅथलिक घरांत तर हमखास. आजोबांना लॅटिन हवं असतं, आईवडिलांना पेटीवरचं मराठी.

आधी विधी बघा. 1969 पूर्वीच्या जुन्या विधीत चर्चच्या दारातली प्रश्नोत्तरं, जिभेवरचं मीठ, तेल, सगळं बोलूनच व्हायचं. गाणं असलंच तर आधी किंवा नंतर. आताच्या विधीत दारातून आत येताना, बायबलच्या वाचनानंतर, स्नानकुंडाकडे जाताना आणि शेवटी गाता येतं. प्रत्यक्ष पाणी ओततानाचा क्षण मात्र मोकळा ठेवा. बाळाचं नाव सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं पाहिजे.

लॅटिनमध्ये ‘वेनी क्रेआतोर’ हे पवित्र आत्म्याला आळवणारं ग्रेगोरियन गीत सर्वांत सोयीचं. एकाच सुरात चालतं, साथ लागत नाही, सात कडव्यांपैकी पहिलंच गायलं तरी भागतं. कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने, व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने, 1963 साली ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे साथीशिवायच्या या जुन्या लॅटिन गायनाला, उपासनेत मानाचं स्थान दिलं, त्यामुळे आजोबांचा आग्रह बिनबुडाचा नाही.

सोळाव्या शतकातल्या इटालियन संगीतकार पॅलेस्ट्रिनाचं ‘सिकुत चेर्वुस’ मात्र जपून निवडा. शब्द बायबलमधल्या 42व्या स्तोत्राचे, पास्काच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्री स्नानकुंडाकडे जाताना म्हणायचे, म्हणजे प्रसंगाला अगदी चपखल. पण चार आवाज एकमेकांत गुंफलेले असतात. माझ्या भाचीच्या वेळी ऐन सकाळी टेनर, म्हणजे पुरुषांमधला वरचा आवाज, गाणारा तापाने झोपला. उरलेले तिघं नेटाने गायले, पण दर दोन ओळींनी त्याच्या जागी पोकळी ऐकू येत होती. वहिनी डोळे मिटून उभी होती. तिने महिनाभर त्याच गाण्याची वाट पाहिली होती. पक्के चार गायक नसतील तर नकोच.

तेच स्तोत्र मराठीत घ्या. पाण्यासाठी लुलपणारी हरिणी आजीला समजावून सांगावी लागत नाही. एकाने ओळ म्हणायची, सगळ्यांनी ध्रुपद उचलायचं. दुसऱ्या खेपेला मागच्या बाकांवरूनही आवाज येतो. मराठी म्हणजे अलीकडचं, हा समजही सोडा. पॅलेस्ट्रिनाची ही रचना 1604 साली छापली गेली आणि इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण 1616 साली. जेमतेम बारा वर्षांचं अंतर. मराठीत खबरदारी एकच: ठेका धावू लागला की लक्ष बाळावरून तबल्यावर जातं. तबला नसला तरी चालेल, पेटी पुरे.

मुंबईच्या पाहुण्यांसाठी एखादं इंग्रजी गीत शेवटी असू द्या. रेकॉर्ड केलेली गाणी मात्र वाजवू नका. ईस्टरआधीचा उपवासकाळ असेल तर ‘आलेलुया’ असलेली गाणी बाजूला ठेवा, आणि गाण्यांची यादी आठवडाभर आधी फादरांना दाखवा.

माझ्यावर सोपवलंत तर मी असं ठरवीन: दारातून येताना ‘वेनी क्रेआतोर’चं पहिलं कडवं एकाच आवाजात, वाचनानंतर मराठी स्तोत्र, आणि बाळाला मरियामातेच्या वेदीकडे नेताना तिचं स्तुतिगीत, तेही मराठीत. लॅटिन एकच, पण सुरुवातीला, म्हणजे आजोबांचा मानही राहतो. कुंडापाशी पोहोचलात की पेटीवाल्याला भाता मिटायला सांगा. बाळ रडलं तर रडू द्या.