केव्ह स्टोरी, शॉवेल नाईट, सेलेस्ट की अंडरटेल: आधी कुठला घ्यायचा?

चारही गेमचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवले तर नवीन माणसाला फरक कळणं कठीण, सगळीकडे तेच चौकोनी ठिपके आणि मधोमध बोटभर उंचीचं एक पात्र. त्यामुळे नुसतं दिसण्यावर गेलात तर फसाल. मला कोणी विचारलं की मी उलट त्यालाच विचारतो, मेल्यावर परत किती मागून सुरू करायची तयारी आहे तुझी? कारण मरणार तर सगळ्यातच, पण मेल्यावर गेम तुम्हाला कुठे नेऊन सोडतो ह्यात चौघांचं अजिबात जमत नाही, आणि दिवसभर गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यांत शिफ्ट करून रात्री अर्धा तास खेळणाऱ्याला तर तेवढंच बघायचं असतं.

आमच्या ओळखीतले बरेच जण केव्ह स्टोरीपासून सुरू करतात, कारण सरळ आहे, फुकट मिळतो. दाइसुके अमाया ऊर्फ पिक्सेल ह्या जपानी माणसाने फावल्या वेळात साधारण ५ वर्षं खपून एकट्याने बनवला आणि २००४ मध्ये इंटरनेटवर फुकट टाकला, चित्रं त्याची, संगीत त्याचं, गोष्टही त्याचीच. मूळ जपानी, पण चाहत्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे, आणि कितीही जुनापुराणा लॅपटॉप असला तरी चालतो. (केव्ह स्टोरी प्लस म्हणून जो दिसतो तो नंतरचा, विकतचा.) ह्यातली बंदुकीची भानगड मला आजही भारी वाटते. शत्रू मेला की पिवळे त्रिकोण सांडतात, ते वेचले की बंदूक लेव्हल १ वरून ३ पर्यंत चढते, आणि मार खाल्ला की तीच बंदूक परत खाली उतरते, म्हणजे नेमकं अडचणीत असताना हत्यारही दुबळं. पुढे एक रोबोट मुलगी भेटते, ती तुमची पहिली पिस्तूल मागते आणि बदल्यात मशीनगन देते. द्यायची की नाही? बहुतेक जण देतात, मशीनगनने खाली गोळ्या मारत हवेत वर चढता येतं म्हटल्यावर कोण नाही म्हणणार, पण जी हातची गेली ती सांभाळून ठेवली असती तर पुढे काय झालं असतं ते नंतर कळतं. असे छुपे फाटे ह्यात भरपूर आहेत आणि खरा, चांगला शेवट बघायचा असेल तर ते चुकून सापडण्यासारखे नाहीत.

पण सेव्ह फक्त ठरलेल्या जागी. आपोआप काही होत नाही, मेलात की शेवटच्या सेव्हपासून, मधे झालेले संवाद परत, बॉस (टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू) परत. पावसात आमच्याकडे लाईट कधी जाईल ह्याचा नेम नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, तेव्हा हा हिशोब धरूनच बसायचं. गणेश चवथीच्या सुट्टीत खेळायला घेतलात तर आणखीनच मजा, बॉस अर्ध्यावर आलेला असतो आणि बाहेर घुमट-शामेळ ही आरतीची वाद्यं सुरू होतात, आरतीला उठावं तर लागतंच. फुकट आहे म्हणून हा पहिला घेणं मला पटत नाही. चौघांत दयामाया सगळ्यात कमी ह्याच्यात.

शॉवेल नाईटचं बरोबर उलट. हा २०१४ चा, यॉट क्लब गेम्सचा, किकस्टार्टर ह्या लोकांकडून पैसे जमवायच्या साइटवर ७५ हजार डॉलर मागितले होते आणि ३ लाखांच्या वर जमले. कॅसेट फुंकून टीव्हीला व्हिडिओ गेम लावायची सवय असलेल्यांना हा बघताक्षणी आपला वाटतो आणि तो योगायोग नाही, बनवणाऱ्यांनी जुन्या निन्टेन्डोची मर्यादित रंगांची पेटी जवळजवळ तशीच ठेवली, मोजकेच रंग जादा घेतले, संगीतसुद्धा त्या काळच्या जपानी कॅसेटमधल्या साउंड चिपच्या हिशोबाने केलंय. जे त्रासदायक होतं ते मात्र काढून टाकलं, म्हणजे पडद्यावर शत्रू जास्त झाले की चित्र जे लुकलुकायचं ते इथे नाही. हातात तलवारीऐवजी फावडं, तेच खाली धरून शत्रूच्या डोक्यावर टणाटण उसळत जायचं, हे एकदा जमलं की सोडवत नाही.

आता मरणाचं बघा. प्रत्येक लेव्हलमध्ये चेकपॉइंटचे काचेचे दिवे असतात, मेलात की शेवटच्या दिव्यापाशी, पण थोडं सोनं गेलेलं असतं, पंख लावलेल्या थैल्या होऊन जिथे मेलात तिथेच तरंगत राहतं. परत जाऊन उचललं तर तुमचं, उचलायच्या आधी पुन्हा मेलात तर गेलं. आणि खरी गंमत ही की तो दिवा फावड्याने फोडता येतो, फोडला की आतून माल मिळतो, पण मग तो चेकपॉइंट राहत नाही. म्हणजे अवघड किती करायचं ते तुमच्या हावरटपणावर सोडलंय. मला वाटतं ह्यापेक्षा हुशार युक्ती ह्या चौघांत दुसरी नाही. ट्रेझर ट्रोव्ह नावाचा संच घेतलात तर चार मोहिमा एकदम मिळतात, प्रत्येकात नायक वेगळा आणि त्याच्या उड्याही वेगळ्या, पैसा वसूल.

सेलेस्टमध्ये मराल तितकं दुसऱ्या कशात मरणार नाही, तरी नवीन माणसाला मी हाच सांगतो. मेलात की क्षणात त्याच खोलीच्या तोंडाशी उभे, ना सोनं जात ना काही, खोली म्हणजे बहुतेक वेळा एक स्क्रीन. मॅडलीन नावाची मुलगी डोंगर चढतेय, उडी, पकड आणि हवेत एक डॅश म्हणजे झटक्याची झेप, एवढंच हातात. डॅश शिल्लक असेल तर केस लाल, वापरला की निळे, त्यामुळे कोपऱ्यात कुठे आकडे बघत बसावं लागत नाही. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी घेता येते, तुम्हाला वाटतं आपणच लई भारी खेळलो, खरं तर गेमने सांभाळून घेतलेलं असतं. तरीही नाही जमलं तर असिस्ट मोड आहे, वेग निम्म्यापर्यंत कमी करा, डॅश वाढवा, वाटल्यास मरणंच बंद करा, आणि त्यासाठी गेम तुम्हाला कमी लेखत नाही. २०१८ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम इंडी (मोठ्या कंपनीविना बनवलेल्या) गेमचा पुरस्कार ह्यालाच मिळाला होता. वाटेत १७५ स्ट्रॉबेऱ्या आहेत, त्यांच्या मागे लागलात तर झोप गेली समजा, गोष्ट पुरी करायला त्यांची गरज नसते.

अंडरटेल वेगळाच प्रकार, त्याला ह्या रांगेत बसवावं की नाही इथपासून वाद. २०१५ चा, बराचसा टोबी फॉक्स ह्या एकाच माणसाने केलेला. इथे उड्या नाहीत, लढाई आली की चौकटीत एक लाल हृदय फिरवत गोळ्या चुकवायच्या आणि समोरच्याला मारायचं की सोडून द्यायचं ते तुमच्यावर, कुणालाही न मारता अख्खा गेम पुरा करता येतो. सेव्ह ठरलेल्या जागी, पण खरा धसका तो नव्हे. कुणाला मारलंत, वाईट वाटलं, जुना सेव्ह लोड करून त्याला वाचवलंत, तरी गेमने ते लक्षात ठेवलेलं असतं आणि तो तोंडावर बोलून दाखवतो. मागे जाता येतं, पण केलेलं पुसलं जात नाही. फक्त एक, हा सगळा वाचायचा गेम आहे, विनोद इंग्रजी शब्दांवर बेतलेले. वाचायचा कंटाळा असेल तर इथे पैसे घालू नका, डेमो फुकट आहे तो तेवढा बघा.

होलो नाईट का नाही असं कुणीतरी विचारणारच. सुंदरच आहे, पण तो हाताने चितारलेला, ठिपक्यांचा नव्हे, आणि एवढा मोठा की तो हातात घेतला तर बाकीच्यांची पाळी येणार कधी.

तर माझा क्रम असा: वेळ तुकड्यातुकड्याने मिळतो त्याने सेलेस्ट, जुन्या टीव्ही गेमची हौस आहे त्याने शॉवेल नाईट, आणि केव्ह स्टोरी मात्र ह्या दोघांतला एखादा पुरा झाल्यावर, सलग सुट्टी मिळेल तेव्हा. घरात लहान मुलं पण खेळणार असतील तर सेलेस्ट असिस्ट लावून द्या, हट्ट कमी होतो.

पैसे लगेच घालायची गरजही नाही. सेलेस्ट आधी पिको-८ ह्या छोटे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर ४ दिवसांत केलेला छोटा गेम होता, ३० खोल्यांचा, तो आजही ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतो, एका संध्याकाळीत कळतं हा प्रकार आपल्याला झेपतो की नाही. स्टीम ह्या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. आणि कंट्रोलर नसेल तर एक करा, नोटपॅड उघडून दोन बाणांची बटणं धरून ठेवा आणि तिसरं एखादं अक्षर दाबा, काही स्वस्त कीबोर्ड तिसरं बटण घेतच नाहीत. अक्षर उमटलं नाही तर दुसरी अक्षरं दाबून बघा, जे उमटेल त्यावर डॅश लावा, नाहीतर तिरका डॅश कधी लागणारच नाही आणि तुम्ही उगाच गेमला शिव्या घालत बसाल.