२०० मायक्रॉनचे फेल्ट फिल्टर सॉक: सात महिने वापरून, आणि मुख्य म्हणजे धुऊन

सॉक म्हणजे माशांच्या टँकचं पाणी गाळायची मोज्यासारखी पिशवी, ही फेल्टची, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाची, आणि २०० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा कण अडवणारी. आधीच सांगतो, पाचपैकी साडेतीन स्टार. कापलेला दीड स्टार फिल्टरिंगचा नाही, शिवणीचा आणि रिंगचा आहे, ते पुढे येतंच.

माझा खाऱ्या पाण्याचा टँक चार फुटी आहे, साधारण तीनशे लिटरचा, खाली सम्प, म्हणजे पाणी उतरून गाळलं जातं आणि परत वर जातं ती दुसरी टाकी. दोन क्लाउन आणि एक रॉयल ग्रामा हे मासे, थोडे झोआ आणि मशरूम हे कोरल (प्रवाळ), फार काही नाही. सम्पमध्ये पाणी पडतं तिथे चार इंची रिंगची दोन भोकं आहेत, म्हणजे एका वेळी दोन सॉक लागतात. आधी मी सिंथेटिक वूल टाकायचो, स्वस्त पडतं, घाण झालं की फेकायचं. पण ते एका बाजूला दबतं आणि पाणी शेजारच्या फटीतून मजेत निघून जातं, पाण्यात बारीक कचरा तसाच तरंगत राहतो. मग ऑनलाइन सहाचा पॅक मागवला, नाव नसलेला माल, पांढरं फेल्ट, वर प्लॅस्टिकची रिंग आणि उचलायला एक कडी, बाराशेच्या आसपास पडला.

पहिल्याच आठवड्यात फरक दिसला हे मान्य करायलाच पाहिजे. काचेतून या टोकाचं त्या टोकाला बघितलं की पाणीच नाहीये असं वाटायचं. मित्र आला तर म्हणाला मासे हवेत सोडलेत का. दगडांवरची माती पाइपने उडवली की आधी दोन तास धुरळा राहायचा, आता वीस मिनिटांत साफ. या कामाला फेल्ट म्हणजे फेल्टच, कारण जाळीवर घाण फक्त वर अडकते आणि फेल्टमध्ये ती जाडीत आतपर्यंत अडकते.

आणि हाच त्याचा ताप पण आहे. आत अडकलेली घाण बाहेर काढायची कोणी? आपणच.

माझ्याकडे सॉक तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी भरतो. कळतं कसं, तर आवाजावरून. आतलं पाणी रिंगपर्यंत चढतं, मग वरून सांडायला लागतं, रात्री हॉलमध्ये खळखळ ऐकू येते आणि टँकभर बारीक बुडबुडे होतात. पण खरं तर सांडायची वाट बघूच नये. अडकलेली विष्ठा आणि उरलेलं खाणं काही पाण्याबाहेर गेलेलं नसतं, त्यातूनच सगळं पाणी फिरत असतं, ते कुजतं, अमोनिया होतो, त्याचा शेवटी नायट्रेट. म्हणजे न धुतलेला सॉक म्हणजे कचऱ्याची पिशवी घरातच ठेवून घर झाडल्यासारखं. गणपतीला गावी गेलो नऊ दिवस, शेजाऱ्याला खाणं टाकायचं सांगितलं पण सॉक बदलायचं कोणत्या तोंडाने सांगणार, येऊन टेस्ट केली तर नायट्रेट पाचाचा वीस. आता गावाला जाताना दोन्ही सॉक काढूनच ठेवतो, पाणी थोडं गढूळ झालं तर झालं.

धुवायचं कसं याचे मी बरेच प्रयोग केले, त्यातले निम्मे फसले.

पहिली गोष्ट, काढला की लगेच धुवा. मी सुरुवातीला बादलीत साठवायचो, रविवारी एकदम धुऊ म्हणून. ओहोटीला खाडीवरून गाडी जाताना जो वास येतो ना, तोच, आणि तो आपल्या बाथरूममध्ये. शिवाय वाळलेली घाण फेल्टमध्ये अशी बसते की मग ब्रश मारून पण निघत नाही. लगेच उलटा केला, आतली बाजू बाहेर, आणि टॉयलेटच्या जेट स्प्रेने वरून खाली मारला की ऐंशी टक्के माल तिथेच निघतो. आधी चहासारखं तपकिरी पाणी येतं, मग फिकट होत जातं. खालच्या शिवणीच्या कोपऱ्यात नेहमी एक गोळा बसलेला असतो, तिथे अंगठा घालून दाबत मारावं लागतं. एकदा तिथून गोगलगाय निघाली, जिवंत, ती परत टँकात गेली आणि अजून आहे.

मग ब्लीच. साधं, वेगळा सुगंध न घातलेलं, बिनफेसाचं. दहा लिटर पाण्याच्या बादलीत एक कप, रात्रभर भिजत. सकाळी सॉक नव्यासारखा पांढरा, उरलेलं सेंद्रिय काय असेल ते विरघळून गेलेलं. त्यानंतर भरपूर पाण्यात दोनदा खळबळायचा, मग माशांच्या दुकानात अँटीक्लोरीनचे खडे मिळतात ते टाकलेल्या पाण्यात तासभर ठेवायचा, आणि कडक उन्हात वाळवायचा. नाकाला लावून ब्लीचचा जरा जरी वास आला तर परत अँटीक्लोरीनमध्ये. इथे आळस नाही करायचा. काही महिन्यांनी ब्लीचने पण पांढरा होतो पण कडक राहतो, तो क्षार असतो, त्याला व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी. पण हे वेगळ्या दिवशी, वेगळ्या बादलीत, सॉक पूर्ण धुतल्यावर. ब्लीच आणि आंबट काहीही एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये ही गंमत नाहीये.

वॉशिंग मशीन चालतं, अगदी छान चालतं, पण त्यात पावडरचा कणही नको. याची पण कथा आहे. एकदा धुतलेले दोन सॉक बादलीवर वाळत होते, मावशींनी बघितले, त्यांना वाटलं राहिले असतील, त्यांनी बिचाऱ्यांनी चादरींबरोबर मशीनला लावले, पावडर आणि वासाचं कंडिशनर सगळं घालून. आई तर दोरीवर घालताना विचारत होती की हे कुणाचे मोजे रे, एवढे जाड, आणि बोटं कुठे गेली. मी कामावरून आलो, घडी घातलेले मिळाले, मोगऱ्याचा वास येत होता तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, सरळ सम्पमध्ये लावले. सकाळी स्किमरचा, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा, कप फेसाने भरून वाहत होता, स्टँडच्या आत पाणी, एक्स्टेंशन बोर्ड नशिबाने वर टांगलेला होता. स्किमर बंद, सॉक बाहेर, साबण शोषायला कार्बन टाकला, साठ लिटर पाणी बदललं. मासे वाचले, झोआ दोन दिवस मिटून होते. मावशींची काही चूक नाही, माझीच, सांगितलंच नव्हतं. आता सॉकची बादली निळी आणि तिला कोणी हात लावत नाही. मशीनला लावायचे तर आधी एक रिकामी फेरी मारतो आणि सॉक जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून गाठ मारतो, नाहीतर रिंग ड्रमवर अशी आपटते की खालचे वर येतात विचारायला.

आता तक्रारी. सहापैकी एकाची उभी शिवण दुसऱ्याच महिन्यात उसवली, बोट जाईल एवढी. दोरा साधा कॉटनचा निघाला, ब्लीचमध्ये तो हळूहळू कमजोर होतो. मी नायलॉनच्या दोऱ्याने घरीच शिवला, अजून चालतोय. एकाची रिंग तडकली, तिथे थोडी चूक माझी, कपडा पिळतात तसा पिळला होता. पिळायचा नाही, फक्त दाबायचा. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की वापरलेला माल बदलून मिळत नाही. अहो, न वापरता शिवण उसवेल कशी?

पावसाळ्यात वेगळाच घोळ. जुलैत तीन तीन दिवस सॉक वाळत नाही, आत कुबट वास धरतो, म्हणून मशीनमध्ये नुसता स्पिन देऊन पंख्याखाली टांगतो. आणि सहा पुरत नाहीत. दोन सम्पमध्ये, दोन भिजत, दोन ओले, मग घालू काय? दोन सॉकचा सम्प असेल तर दहा-बारा घ्या, म्हणजे आठवड्याला एकदाच ब्लीचचा घाट घालता येतो.

धुतल्यावर खरंच मोकळा झाला का हे बघायचं माझं माप सोपं आहे, उभा धरून एक तांब्या पाणी ओतायचं. नवा असतो तेव्हा ओतता ओतता खाली जातं. पाणी आत उभं राहिलं आणि भिंतीतून घाम आल्यासारखं झिरपायला लागलं तर तो सॉक संपला, दिसायला कितीही पांढरा असू दे. माझे दोन याच महिन्यात संपले, म्हणजे सात महिने. त्या पैशात वाईट नाही.

मधे नायलॉन जाळीचा एक पण आणून बघितला. धुवायला स्वर्ग, जेट मारला की दोन मिनिटांत काम खल्लास, ब्लीचची गरज क्वचित. पण बारीक धूळ सोडतो, पाण्याला ती चमक नाही. ज्यांना मँडरिन मासा पाळायचाय त्यांनी मात्र फेल्टच्या वाटेला जाऊ नये, त्याचं खाणं म्हणजे कोपेपॉड, पाण्यातले बारीक जीव, ते फेल्टमध्येच अडकून बसतात. आणि गाळायचं कापड घाण झालं की आपोआप पुढे सरकवणारे फ्लीस रोलर मिळतात ते मला माहितीये, किंमत बघून टॅब बंद केला.

पुढच्या वेळी मी एका भोकात फेल्ट आणि एका भोकात जाळी असं लावून बघणार आहे. फेल्ट हेच परत घेईन, पण आल्या आल्या सगळ्या शिवणींवर एक जादा टीप मारून. शेजारच्या टेलरकाकांना विचारलंय, ते म्हणाले दहा रुपये एकाचे, पण आधी सांग हे घालतात कुठे.