घरपट्टीवर अपील, ग्रामपंचायत ते पंचायत समिती : साडेतीन स्टार

सातारा जिल्ह्यात गावाकडं आमचं आजोबांच्या काळातलं दगडमातीचं घर आहे, वर कौलं, मागं नंतर बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. फेरआकारणी झाली आणि घरपट्टी एकदम एवढी वाढली की आई म्हणाली, आपण बंगला कधी बांधला? ज्यांना अपील करायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे ‘कर जास्त आहे, कमी करा’ असा अर्ज अजिबात देऊ नका, त्याला कुणी विचारत नाही. आधी नमुना 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या रजिस्टरचा, उतारा काढा. सगळं त्या एका कागदात आहे. 2015 च्या शेवटी नियम बदलले, तेव्हापासून ग्रामपंचायत भांडवली मूल्यावर कर लावते, म्हणजे जमिनीचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, त्यात बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घराच्या वयाप्रमाणं किती टक्के किंमत धरायची तो आकडा) मिळवायचा आणि आलेल्या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचं. राहत्या घराला भारांक 1, दुकानाला 1.25. आणि मग हजारी इतके पैसे असा कराचा दर, तोही बांधकाम कशाचं आहे त्यावर, मातीच्या घराला 30 ते 75 पैसे तर आरसीसीला 1 रुपया 20 पैशांपासून 2 रुपयांपर्यंत.

आता आमच्या उताऱ्यात काय होतं? मागच्या दोन खोल्या स्लॅबच्या म्हणून अख्खं घर आरसीसी धरलेलं, आणि वयाचा रकाना रिकामा!! वय नाही म्हणजे घसारा नाही, नवं कोरं घर असल्यासारखी शंभर टक्के किंमत. खरंतर 60 वर्षांच्या वरच्या दगडमातीच्या बांधकामाची 15 टक्केच किंमत धरतात. एवढा फरक एका रिकाम्या रकान्यामुळं पडतो हे बघून मला खरंच राग आला, कारण गावात अशी जुनी घरं म्हाताऱ्या माणसांचीच आहेत आणि ती मुकाट भरून टाकतात.

भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक, पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून भाऊसाहेबच) बोलायला नीट होते, पण यादी अंतिम झाली, आता माझ्या हातात नाही म्हणाले. ते बरोबरच आहे. यादी बोर्डावर लागते तेव्हाच हरकत द्यायची असते, पण पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला ती दिसणार कशी, फोनवर एक मेसेज टाकायला काय हरकत आहे? इथं एक स्टार कापला.

मग ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली पंचायत समितीकडं अपील. वकील लागला नाही. अर्जाला नमुना 8, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, घराचे चारी बाजूंनी फोटो आणि दोन्ही बांधकामांची वेगवेगळी मापं जोडली. जुन्या पावत्या फार कामाला आल्या, घर किती जुनं ते त्यावरूनच दाखवता आलं, तेव्हा घरातली ट्रंक नीट शोधा. आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, मला ती दोनदा मागावी लागली. अपील चालू असताना चालू बिल भरून टाकलं, थकबाकीदार म्हणून नाव नको.

तेव्हा समितीवर प्रशासक होते, त्यामुळं सुनावणी गटविकास अधिकाऱ्यांपुढं झाली. ही गोष्ट मात्र मनापासून आवडली. विस्तार अधिकारी मॅडमनी कॅल्क्युलेटर घेऊन माझ्यासमोर आकडा काढला, जुनं घर वेगळं, खोल्या वेगळ्या, आणि फेरमोजणीचा आदेश निघाला. कुणी काही मागितलं नाही, कुणाची ओळख लागली नाही. घरपट्टी निम्म्याच्या खाली आली. दिवाबत्ती, आरोग्य कर आणि पाणीपट्टी आहे तेवढीच राहते, बिलाची बेरीज बघून नाराज होऊ नका.

उरलेला अर्धा स्टार अंमलबजावणीचा. आदेश आला तरी पुढच्या बिलात जुनाच आकडा, कारण नमुना 8 दुरुस्त केला पण मागणीच्या रजिस्टरला म्हणजे नमुना 9 ला चढवलाच नव्हता. आदेशाची प्रत घेऊन परत जावं लागलं, तेव्हा समोर बसून दोन्हीकडं दुरुस्ती करून घेतली आणि नवा उतारा हातात घेऊनच निघालो. शेजारच्या काकींचाही उतारा काढलाय, त्यांचा तर गोठासुद्धा राहत्या घरात धरलाय, त्यांचं अपील या आठवड्यात टाकतोय.