कल्हईवाली वायर: एका हंगामानंतर

होडीला कल्हईची वायर घालणार म्हटल्यावर बाबा हसले होते. "वायर काय भांडं आहे काय?" गेल्या जुलैत घातली, ऑगस्ट ते मे चालवली. 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली, होडी आंजर्ले खाडीच्या काठाला ओढून शाकारली, आणि मग सगळं उघडून पाहिलं.

आधीचा ताप असा होता. पाणी उपसायचा पंप 12 व्होल्टचा. तो चालू असताना बॅटरीवर 12.5, पंपाच्या टोकाला 10.6. नवी बॅटरी आणली तरी तेच! शेवटी जुनी वायर सोलली. घरात वापरतो तीच साधी तांब्याची. आत हातभर काळी-हिरवी. खारं पाणी टोकातून शिरतं आणि बारीक तारांमधून वातीसारखं चढत जातं. तांब्याच्या हंड्यावर येतो तोच कळंक. नव्या वायरीत प्रत्येक तारेवर कथिलाचा थर असतो.

4 चौरस मिमीची घेतली, जाऊन-येऊन 12 मीटर. पंपाच्या टोकाला 12.3 आले. हंगामानंतर मोजले, तेव्हाही तेवढेच. जोडाजवळ मुद्दाम कापून बघितलं तर आत पांढरीशुभ्र.

आता तक्रारी. किंमत दुपटीच्या वर. दापोलीत मिळाली नाही, मुंबईहून मागवली. पहिलं रीळ आलं त्यावर 'मरीन' छापलेलं, आत तार लालच! परत पाठवलं. पैसे देण्याआधी बोटभर सोलून बघाच.

डोलकाठीच्या दिव्याने एप्रिलमध्ये दगा दिला, पण ती चूक माझी. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक, कमी पडले म्हणून गावातल्या दुकानातून साधं तांब्याचं आणलं. वायर शाबूत, थिंबल हिरवंगार. तेव्हा थिंबलही कल्हईचंच घ्या, आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. नुसता डाग (सोल्डर) देऊन जोडू नका, इंजिनाच्या थरथरीने डागाच्या कडेला तार तुटते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. पंपाची वायर मात्र मेन स्विचच्या आधीच, फ्यूजमधून थेट बॅटरीवरून घेतली आहे. रात्री सगळं बंद करून घरी आलो तरी पाणी उपसलं जातं.

बॅटरी सध्या घरी पडवीत आहे, महिन्यातून एकदा चार्ज करतो. जीपीएस आणि व्हीएचएफ रेडिओची (बोलायच्या बिनतारी संचाची) वायर अजून जुनीच. ती नारळी पौर्णिमेआधी बदलायची आहे. 10 मीटर उरली आहे, पुरेल असं वाटतं.